पिंपातला राखणदार

"आला! फेस आला! राखणदार उठला!"

लालबागच्या चाळीच्या चौकात शे-सव्वाशे माणसे एकदम ओरडली आणि मागची माणसे पुढच्यांच्या खांद्यांवरून माना काढू लागली. मध्यभागी पाटावर एक लहानसे लाकडी पिंप बसवले होते. दोन हातांच्या कवेत मावेल एवढे, लोखंडी पट्ट्यांचे, पोटाला तोटी असलेले. त्याला हळदकुंकू वाहिले होते, झेंडूची माळ घातली होती, आणि समोरच्या काचेच्या पेल्यातून पांढराशुभ्र फेस काठ ओलांडून ओघळत होता. पिंपात होती विलायती बिअर. पण तसे म्हणायची कोणाची छाती होती? जयवंतबुवांनी सांगितले होते की आत देव आहे, आणि बुवांनी सांगितले म्हणजे संपले.

सन अठराशे सत्त्याण्णवचा माघ महिना होता. प्लेगच्या भयाने निम्मी चाळ गावी पळाली होती. उरलेल्या निम्मीला दोन धास्त्या होत्या, काखेत गाठ येण्याची आणि दारात इस्पितळाची गाडी येण्याची. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. बुवांनी तर अख्खे पिंपच पुढे केले होते.

बुवा म्हणजे पिळदार मिशा, कपाळभर शेंदूर आणि तोंडात साखर. आधी ते पिंप खांद्यावर घेऊन घुमत, नाचत, गिरक्या घेत. मग ते पाटावर टेकवून तोटी सोडत, आणि पेल्यात कमरेच्या बटव्यातल्या अंगाऱ्याची चिमूट टाकत. त्याबरोबर फेस असा उसळे की म्हाताऱ्याकोताऱ्या जमिनीला डोके टेकत. मग प्रत्येकाच्या कपाळाला अंगारा लागे आणि चिमूटभर जिभेवर पडे.

"हा प्लेग आला कुठून?" बुवा गरजले. "बोटीतून! समुद्रापलीकडून! तुमच्या कोकणातल्या वेशीवरचा राखणदार बिचारा कोंबडा आणि दारूची धार घेऊन बसलेला. त्याला या परक्या रोगाची ना ओळख ना देख! मलबार हिलवर साहेब मरतो का? नाही! कारण साहेबाच्या घरात हा बसलेला असतो!" त्यांनी पिंपाच्या पोटावर थाप मारली. "हा विलायती राखणदार! फेस म्हणजे त्याचा श्वास. रोज घरातल्या प्रत्येकाने एकेक घोट घ्या. फेस आहे तोवर घर राखलेलं. पण ध्यानात ठेवा, याला बसवलेलं घर सोडायचं नाही. तुम्ही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंत, की तो तुमच्या आधी बाहेर!"

या शेवटच्या वाक्यातच सगळी गोम होती. माणसे गावी गेली असती तर बुवांना गिऱ्हाईक कोण उरले असते?

पण गिरणीत राबणाऱ्या त्या कोकणी माणसांना हे पटले, आणि पटण्यासारखेच होते. गावचा राखणदार दारू पितो, हे ते लहानपणापासून मानत आले होते. मग साहेबाचा राखणदार साहेबाची दारू पिणारच की!

गर्दीच्या मागे सुभद्रा उभी होती. कडेवर अडीच वर्षांची लेक पेंगत होती. सुभद्राने जिभेवरचा अंगारा एकदा चाखला, पुन्हा चाखला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. राख तिच्या रोजच्या हातातली, भांडी घासायची. राखेची चव कशी फिकी, तुरट असते. ही राख शीवच्या मिठागरात लोळून आल्यासारखी खारट होती.

पण तिचे चित्त घरात होते. त्या सकाळीच कणगीमागून एक उंदीर झिंगत बाहेर आला होता आणि लेकीच्या वाकळेपाशी कोलमडून मेला होता. चार दिवसांतला तो दुसरा. उंदीर पडले की घर सोडावे, हे आता मुंबईत शेंबडे पोरही सांगत होते. सुभद्राचा बाप लहू दादरला माडाच्या वाडीत माडी काढी. त्याने माडांखाली झावळ्यांच्या झोपड्या उभारल्या होत्या आणि दोनदा निरोप धाडला होता, लेकराला घेऊन या म्हणून. पण तिचा नवरा धर्मा हलायला तयार नव्हता. गेल्या रविवारी त्याने सुभद्राची एक पाटली बुवांच्या हातावर ठेवून पिंप घरी आणले होते. बुधवारपर्यंत त्यातला फेस मेला. गुरुवारी ते आंबले. तरी धर्मा रोज सकाळी डोळे मिटून तो आंबूस घोट घेई, आणि लेकीच्या ओठांनाही लावी.

आणि शेजारच्या खोलीत जाईबाई होती. तिच्या नवऱ्याला ताप भरला तेव्हा तो स्वतः म्हणाला होता, "इस्पितळात जातो गो मी." बुवा आले, फेस पाहिला, म्हणाले घर सोडू नका. तिसऱ्या दिवशी पेल्यात फेस आला नाही. बुवा म्हणाले, घरातल्या बाईने विटाळात पेल्याला हात लावला. चौथ्या दिवशी नवरा गेला. तेव्हापासून जाईबाई भिंतीकडे तोंड करून बसे, आणि कोणी जेवण आणले तर म्हणे, "माका नको. मीच खाल्लंय त्यांना."

चौकातली पूजा आटोपून बुवा गर्दीसकट सुभद्राच्या दारात आले. एका हाताखाली नवे कोरे पिंप, दुसऱ्या हातात पेला.

"धर्मा, तुझ्या घरचा फेस तीन दिवसांत गेला म्हणतोस. बघू, राखणदाराचं मन कशात अडकलंय."

बुवांनी देव्हाऱ्याला हात जोडले, समईला नमस्कार केला, तिचा काठ चाचपला आणि तोच अंगठा पेल्याच्या आतून गोल फिरवला. सगळ्यांचे डोळे पिंपाकडे होते. सुभद्राचे डोळे अंगठ्याकडे होते. उजेडात तो चकाकला.

नव्या पिंपाची तोटी सुटली. पिवळे पाणी पेल्यात पडले, दोन बुडबुडे आले आणि विरले. दारातली माणसे एक पाऊल मागे सरली.

"या घरातलं कोणीतरी उंबरा ओलांडायच्या विचारात आहे," बुवा हळूच म्हणाले. "राखणदार रुसला. आता हा नवा विधीनं बसवल्याशिवाय या लेकराची धडगत नाही."

धर्माने बायकोकडे पाहिले. त्या नजरेत राग कमी आणि भीती जास्त होती. "सुभद्रे, दुसरी पाटली काढ."

नाही म्हणावे तर सगळी चाळ अंगावर येणार. हो म्हणावे तर पाटली जाणार, आणि पाटलीचे काय घेऊन बसलात, लेक त्या उंदरांच्या घरात राहणार. तिने लेकीला धर्माच्या हातात दिले आणि मनगटावरची पाटली उतरवली.

"देते. पण अहो बुवा, राखणदार माझ्यावर रुसलाय ना? मग क्षमा मीच मागते. पेला माझ्या हातात द्या."

बुवा घुटमळले. पण पाटली डोळ्यांसमोर होती, आणि गर्दीतून म्हाताऱ्या म्हणाल्या, "मागू दे, मागू दे बापडी."

सुभद्रा मोरीवर गेली. तिने चिंच आणि राख घेऊन पेला करकरीत घासला, पाण्याने तीनदा विसळला आणि सगळ्यांदेखत त्याच नव्या पिंपाच्या तोटीखाली धरला. फेस काठाच्या वर चार बोटे आला.

"प्रसन्न झाला!" दारात एकच गलका उडाला.

"हां, पश्चात्ताप पोचला," बुवा घाईने म्हणाले आणि पाटलीकडे हात केला.

"थांबा," सुभद्रा म्हणाली. पेला रिकामा करून तिने समईतल्या तेलाचे बोट त्याच्या आतून फिरवले. या वेळी लपवले नाही, हात वर करून दाखवले. पुन्हा तोटी सोडली. दोन बुडबुडे. विरले.

मागची माणसे टाचा उंचावून पाहू लागली.

तिने पेला पुन्हा घासला, भरला, आणि वरचा फेस आपोआप बसेपर्यंत वाट पाहिली. मग फळीवरच्या बरणीतले मीठ चिमटीत घेतले. "हा माझ्या घरचा अंगारा," ती म्हणाली आणि मीठ पेल्यात टाकले. फेस सरसरत वर आला आणि तिच्या बोटांवरून खाली ओघळला.

"तुमचा राखणदार तेलाला भितो आणि मिठाला उठतो, बुवा. हवं तेव्हा अंगारा, नको तेव्हा अंगठा. आणि पिंप खांद्यावर घेऊन नाचायचं, म्हणजे आतलं घुसळून निघतं. माझा बाप माडी काढतो. मडकं डोक्यावरून धावत आणलं की फेस येतो, हे आमच्या वाडीतल्या पोरीबाळी जाणतात."

बुवांचा चेहरा काळवंडला, पण असली माणसे सहजासहजी हार खात नाहीत. त्यांनी डोळे फिरवले, अंग थरथरवले आणि बोट लेकीवर रोखले. "देवाची परीक्षा! सूर्य मावळायच्या आत या पोरीला गाठ येईल!"

दारातली गर्दी अशी मागे हटली की कठडा करकरला. धर्माने लेकीला छातीशी दाबले. आणि खरे सांगायचे तर सुभद्राही आतून हादरली. शाप खोटा होता, पण उंदीर खरे होते. पोरीला खरोखरच गाठ आली असती तर? उद्या हीच माणसे म्हणणार होती, आईच्या जिभेने लेकरू खाल्ले.

तिने कणगी बाजूला ओढली. मागे सकाळचा उंदीर होता, तिने तिथे ढकलून राखेने झाकलेला.

"येईल गाठ. येऊ शकेल," ती म्हणाली. "पण ती शापानं नाय. हा दुसरा उंदीर आहे. आठ दिवस मी कंठशोष करतेय, घर सोडू या, घर सोडू या. आणि हा बाबा आम्हाला या खोलीत डांबून घालतोय, कशासाठी? पिंपं खपावीत म्हणून!"

तेवढ्यात मागून कोणीतरी खाकरले. विठोबा खटारेवाला पुढे आला. मान खाली होती.

"ती पिंपं मीच वाहून आणली," तो म्हणाला. "कोटातल्या एका वखारीतून. दोनशे पडून होती. वखारवाल्या शेठनं साहेब लोकांच्या घरी खपतील म्हणून मागवलेली. एकानंही घेतलं नाय. तिथला कारकून सांगत होता, मोठं पिंप पलटणीला परवडतं, उघडलं की सोल्जर लोक एका बैठकीत संपवतात. घरात दोन माणसं, लहान पिंप तरी पिणार किती? एकदा तोटी सोडली, वारा आत गेला, की दोन-तीन दिवसांत फेस जातो आणि मग आंबतं. साहेब बाटली घेतो, तेवढीच उघडतो. बुवांनी ती पिंपं मातीमोलानं उचलली."

"आणि तू गप्प राहिलास?" धर्मा ओरडला.

"मला एक फुकट दिलं होतं." विठोबाने डोळे पुसले. "शपथेवर सांगतो, वखारीत ती आडवी पडली होती तेव्हा मला काय वाटलं नाय. चौकात माळ घालून उभी केली, तेव्हा मीपण हात जोडले."

यात विठोबाला हसण्यासारखे काही नाही. शहाणीसुरती माणसेही माळ पाहिली की हात जोडतात. साहेबाने जे पिंप घरात घ्यायचे नाकारले, ते आमच्या माणसांनी देव्हाऱ्याशेजारी बसवले, आणि ज्या कारणासाठी त्याने नाकारले त्यालाच देवाचा रोष म्हटले.

धर्मा खाली बसला. "माडी काढणाऱ्या भंडाऱ्याच्या पोटी जन्मलो मी," तो पुटपुटला. "बापानं कोयता ठेवून गिरणी धरली, म्हणून काय सकाळची माडी दुपारी आंबते एवढंही विसरलो?"

बुवा केव्हाच जिन्याकडे सरकले होते. चार-पाच जण त्यांच्या मागे धावले. बुवांचे पुढे काय झाले ते सांगत बसत नाही. बटवा चौकात फाटला आणि मीठ आणि राख सगळीकडे सांडली, एवढे पुष्कळांनी पाहिले.

पण सुभद्राच्या दारातून एक बाई हलली नव्हती. जाईबाई. ती चार दिवसांत पहिल्यांदाच खोलीबाहेर आली होती. तिने तेलकट पेला उचलला, आतून बोट फिरवले, आणि ते बोट कितीतरी वेळ निरखून पाहिले.

"सुभद्रे," ती म्हणाली, "त्या दिवशी आमच्या पेल्यातही असंच तेल होतं काय गो?"

"असणार, जाईबाई."

"मगे माझ्या हातून काय झालं नव्हतं? मी नाय ना मारलं त्यांना?"

"नाय गो," सुभद्रा म्हणाली आणि तिला जवळ घेतले. "तू काय केलं नाहीस. काहीच केलं नाहीस."

जाईबाई तेव्हा जी रडली, तसे रडणे त्या चाळीने त्या प्लेगातही ऐकले नव्हते. विधवा झालेली बायको चार दिवसांनी नवऱ्यासाठी रडत होती. तोवर तिला तेही करू दिले नव्हते.

ऊन उतरायच्या आत अकरा बिऱ्हाडे दादरच्या वाटेला लागली. धर्माच्या खांद्यावर लेक होती, डोक्यावर वाकळ नव्हती. सुभद्राने अंथरूण तिथेच टाकायला लावले होते. जाईबाई तिच्याबरोबर चालत होती. सुभद्राच्या लेकीला गाठ आली नाही. ती घर सोडले म्हणूनच वाचली, असे छातीठोकपणे सुभद्रा कधीच म्हणाली नाही. तिला विचारले तर म्हणे, जे दिसत होते ते ओळखून वागले, पुढचे काय ते कोणाला ठाऊक? मला तिचे हे बोलणे बुवांच्या सगळ्या गर्जनांपेक्षा मोलाचे वाटते.

तेव्हा बाबांनो आणि बायांनो, फसलात तर पाटली जाते, ती पुन्हा घडवता येईल. पण घरात माणूस आजारी असताना कोणी म्हणाले की प्रश्न विचारू नका, वैद्याकडे जाऊ नका, आणि वाईट झाले तर दोष तुमचाच, तर त्याला आधी दाराबाहेर काढा आणि मग आजाऱ्याला उचला. जाईबाईचा नवरा इस्पितळात वाचलाच असता असे कोणी सांगू शकत नाही. पण पहिल्या दिवशी तो आपल्या पायांनी चालत होता.