वाडग्याला हार, मला एक फूल

मित्रांनो, मी डोळ्यांच्या दवाखान्यातला जुना तक्ता आहे, आणि मला मत्सर वाटतो. लपवून काय उपयोग? भोपाळच्या अशोका गार्डन वस्तीत डॉक्टर भाग्यश्रींच्या खुर्चीसमोर मी टांगलेला आहे. इंदूरच्या एका छापखान्यात माझ्यावर अक्षरं उमटली. वर एक ढब्बू 'क', मग लहान होत होत खाली मुंगीएवढी ओळ. ती वाचली की माणूस ताठ मानेनं बाहेर पडायचा आणि मला धन्य वाटायचं.

मग ते यंत्र आलं. पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारखं तोंड, आत लुकलुकणारे दिवे. बाजूची नजर तपासतं म्हणे. त्याला वेगळी खोली, पडदा, एसी. मला पंख्याची धूळ. खंडेनवमीला त्याला झेंडूचा घसघशीत हार घातला आणि मला एकच फूल, तेही सेलोटेपनं चिकटवलेलं. जळफळाट होणार नाही तर काय?

माझे कैवारी एकच, नरहरकाका. कारखान्यातून निवृत्त झालेले, अयोध्या नगरात राहणारे. दर वर्षी येऊन माझी शेवटची ओळ खडाखडा वाचायचे.

"काका, त्या मशीनवरही बसा, आणि थेंब घालून डोळ्याचा मागचा पडदा बघू," डॉक्टर म्हणायच्या.

"आज नको. थेंबांनी धूसर दिसतं, मग स्कूटर कोण चालवणार? नातीला शाळेतून आणायचंय. समोरचं चकाचक दिसतंय, बस हो गया."

वा, याला म्हणतात माणूस! मी खूश व्हायचो.

यंदा त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी नलिनीकाकू आल्या. ओळ वाचून काका उठायला लागले, तर काकूंनी हात धरून बसवलं.

"डॉक्टर, हे रोज ताटाशेजारचं भांडं लवंडतात. परवा स्कूटर हातगाडीला घासली. मागे आमची नात स्वरदा होती, तिचा गुडघा फुटला."

"अगं, तो ठेलेवाला एकदम मध्ये आला."

"आला नाही, तो उभाच होता. आज स्वरदाला मी रिक्षानं आणते. तुम्ही सगळं तपासून घ्या."

काका आतल्या खोलीत गेले. दिवा दिसला की बटण दाबायचं, एवढंच काम. मी बाहेरून कान लावून होतो. मध्ये बराच वेळ बटणाचा आवाजच आला नाही. दाबा हो काका, असं मला वाटायला लागलं.

मग डॉक्टरांनी थेंब घालून मागचा पडदा नीट पाहिला.

"काचबिंदू आहे, काका. तो कडेकडेनं नजर खातो. समोरचं दिसत राहतं, म्हणून कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही, पण रोज औषध घातलंत तर उरलेली राखता येईल."

"आणि स्कूटर?"

"आता नको, काका."

काकांनी खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. जाताना ते माझ्यासमोर थांबले.

"इतकी वर्षं याला वाचलं," ते म्हणाले, "यानं काहीच सांगितलं नाही."

मित्रांनो, मी काय सांगणार? मला समोरचंच विचारता येतं. घरी आजी-आजोबांना सांगा, माझी शेवटची ओळ वाचलीत म्हणून उठू नका. सोबत कुणाला तरी आणा, थेंब घालून घ्या, त्या वाडग्यासमोरही बसा. हे सांगताना माझा जीव अजून जळतो. यंदा खंडेनवमीला त्याला दोन हार घाला. माझं फूल तेवढं विसरू नका.