बाहेरच्यांचा रकाना

रुग्णालयांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात ताई मुकादम होती. हाताखाली एकसष्ट माणसं. एका सकाळी मॅनेजरने तिच्यापुढे सरकारी तक्ता ठेवला. शहरातल्या प्रत्येक धंद्यात बाहेरून आलेल्यांचा वाटा किती, हे सरकारला मोजायचं होतं.

दुपारपर्यंत उरकेल असं ताईला वाटलं होतं. पण एकेकाला जन्मगाव विचारता विचारता तिचं डोकं उठलं. घड्या घालणाऱ्या दोघी सख्ख्या बहिणी. थोरली परदेशात जन्मलेली, धाकटी इथे. मग मोठ्या यंत्रावरचा मास्तर. स्वतःच्या देशात तो गणित शिकवायचा, म्हणून मास्तर. ताईला इथलं काम त्यानेच शिकवलं होतं. त्याने शांतपणे विचारलं, "अठरा वर्षं झाली. अजून बाहेरचाच का?"

तिने सरकारी कचेरीत फोन लावला. कारकून म्हणाला, जन्म बाहेरचा तर माणूस बाहेरचा, मग तो इथे म्हातारा का होईना.

फोन ठेवला आणि तिला एकदम आठवलं, आपणही आईच्या कडेवर बसून आलो होतो, दीड वर्षाचे. तिने स्वतःलाही धरलं आणि लिहिलं: बासष्टपैकी चव्वेचाळीस.

संध्याकाळी तिचा थोरला भाऊ घरी आला. बाहेरच्यांनी आमच्या पोरांची कामं पळवली, हे त्याचं रोजचं पालुपद. आज तिला ते ऐकवेना.

"दादा, तूही त्याच रकान्यात येतोस."

"आपली गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी?"

"आपण आलो तेव्हा कुणी मोजत नव्हतं," दादा म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी आकडा पाहून मॅनेजरने कपाळाला हात लावला. बाहेरचे एक तृतीयांशाच्या वर गेले तर रुग्णालयं काम देणार नव्हती. आकडा जरा कमी कर, असं त्याने तिला गोडीत सांगून पाहिलं. खोटं लिहिणार नाही, म्हणून ती अडून बसली. त्याने वाद घातला नाही. आठवड्याभरात मास्तरसह बाहेरच्या छत्तीस जणांची नावं एका ठेकेदाराच्या पटावर गेली. कारखान्याच्या पटावर सव्वीस उरले, त्यात बाहेरचे फक्त आठ. माणसं तीच, यंत्रं तीच, घामही तोच.

ताई मॅनेजरशी भांडली. मास्तरची अठरा वर्षं पाण्यात गेली, असं तिने तोंडावर सांगितलं. कुणाचं काम तर गेलं नाही ना, एवढंच तो म्हणत राहिला. ती अर्धी रजा टाकून कचेरीत गेली. तिथे कळलं की ठेकेदाराचा तक्ता वेगळ्या खात्यात जातो आणि त्या खात्याचा माणूस महिनाभर जागेवर नाही. तक्रार लिहून दिली, शिक्का मारून घेतला, परत आली. मास्तर चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता ओल्या चादरी उपसत राहिला.

धुलाईच्या धंद्यात बाहेरच्यांचा वाटा घटला, अशी बातमी महिन्याने छापून आली. दादाने ती फोनवरून तिला मोठ्याने वाचून दाखवली. तिने मधेच फोन ठेवला.

ठेकेदाराचा नियम असा, की पटावर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला तीन दिवस काम शिकवायचं. शिकवायला ताई. पुढच्या बाकावर मास्तर, छातीवर नव्या कामगाराचा बिल्ला. संसर्गाच्या चादरी किती तापमानाला धुवायच्या, ते ती कागदावरून वाचायला लागली आणि आकडा चुकला. मास्तरने हलकेच दुरुस्त केला. कुणी हसलं नाही.

तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस सही घ्यायला आला: 'सदर कामगारास मी काम शिकवले.'

"मला यांनी शिकवलंय," ताई म्हणाली.

तो म्हणाला, असेल, पण सही नसेल तर उद्या यांना आत घेता येणार नाही.

मास्तर तिच्याकडे पाहत होता. "कर ना, ताई," तो म्हणाला. "पोरगी कॉलेजात आहे माझी."

तिने सही केली, पण इतक्या रागाने की पेनाच्या टोकाने कागद फाटला. त्या माणसाने दुसरा कागद पुढे केला.