अंगठ्याचा खळगा

माणूस गोड बोलायला लागला की मी आधी कपाटं बंद करते. सवय वाईट म्हणा, पण तिच्यापायी माझ्या घरातली वाटी कधी इकडची तिकडे झाली नाही. म्हणून जुन्या वस्तूंचा दुकानदार दारात उभा राहून, "ताई, तुमच्या घरात उजेड काय छान येतो," असं म्हणाला तेव्हाच मी ओळखलं. याला उजेड नको, उजेडात ठेवलेलं काहीतरी हवंय.

त्याला हवी होती आमची हिरवी बाई. चिनी मातीची, हातभर उंच, मांडी घालून बसलेली. मान ताठ, ओठ मुडपलेले, आणि हिरवी झिलई एका खांद्यावरून ओघळून कोपराशी गोठलेली. सुना म्हणतात ती माझ्यासारखी दिसते. म्हणोत बापड्या. ती वन्संनी, म्हणजे माझ्या धाकट्या नणंदेनं, मातीच्या कारखान्यात कामाला असताना घडवली, असं वन्सं सांगतात. 'सांगतात' एवढंच मी म्हणेन. मी या घरात आले तेव्हा कारखाना बंद पडला होता, आणि त्यानंतर वन्संनी मातीला हात लावलेला मी पाहिला नाही. पीठ मळायला बसल्या तर निम्मं पीठ कोपराला. अशा हातांनी ही बाई केली? मी कधी तोंडावर विचारलं नाही, पण मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकायचीच.

पुढच्या खेपेला दुकानदार एका कलाकार बाईंना घेऊन आला. नाव झालेल्या. कापलेले पांढरे केस, गळ्यात मातीच्या मण्यांची माळ. मूर्ती पाहिली आणि त्यांनी डोळे पुसले.

"ही माझी पहिली मूर्ती," त्या म्हणाल्या. "कारखान्यातून नाहीशी झाली होती."

नाहीशी झाली म्हणजे कुणीतरी उचलली, आणि ज्याच्या घरात सापडली तो चोर. रुमालात गुंडाळून दगड मारतात तो असा.

वन्सं खिडकीपाशी लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू तर झिलई ढवळायचीस गं."

"आणि तू साचे धुवायचीस," बाई म्हणाल्या.

म्हणजे ओळख जुनी, आणि दुखणंही जुनं. दोघी एकाच बाकावर बसून काम करायच्या. मालक पोरींना मालावर नाव घालू द्यायचा नाही, म्हणून जिनं ती मूर्ती केली तिनं ओल्या मातीत, बुडाखाली, गुपचूप अंगठा दाबून ठेवला होता. इथपर्यंत दोघींचं म्हणणं एक. पुढे दोघीही म्हणत होत्या, तो अंगठा माझा.

दुकानदारानं हात जोडले. "भांडण नको. मूर्ती प्रदर्शनात मांडायचीय, खाली नाव कुणाचं ते ठरू द्या. या बाईंची निघाली तर मात्र मग ती त्यांचीच, ताई. त्या घेऊन जातील."

"अंगठा लावून बघू ना," बाईंनीच काढलं. "अंगठा काही खोटं बोलत नाही."

मला ते पटलं. गादीवर पंचा अंथरून मी स्वतः मूर्ती आडवी केली. बुडाला झिलई नव्हती, कोरी खरबरीत माती होती आणि मधे खळगा. रेघा कधीच पुसल्या होत्या. बाईंनी अंगठा ठेवला. डबीला झाकण बसावं तसा बसला. वन्संनी ठेवला, तो कडेलाच अडला.

वन्सं हसल्या आणि परत लसणाकडे गेल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं हिला वाढलं, सांभाळलं, आणि ही घरात दुसऱ्याची चीज ठेवून हसतेय? "वन्सं, काही बोलायचंय?"

"मी काय बोलू, वहिनी? तुम्ही बघितलंत ना."

लोकांसमोर घरचं धुणं नको म्हणून मी सुनेला चहा ठेवायला सांगितलं. बाई आता सैल झाल्या होत्या. त्यांनी पिशवीतून स्वतः घडवलेले दोन कप काढून माझ्या हातात दिले, भेट म्हणून.

"एवढेसे?" मी म्हटलं. "चिमण्यांना चहा पाजता काय?"

"ओले असताना चांगले मोठे असतात हो," बाई हसून म्हणाल्या. "भट्टीत माती आटते. नवशिके तिथेच फसतात."

"सगळी माती आटते?"

"सगळी. भट्टी कुणाला सोडत नाही."

"आणि कपावरची नक्षी?"

"तीही. सगळं सारख्या मापानं लहान होतं."

"मग बुडाखालचा अंगठा तेवढा तसाच कसा राहिला?"

बाई गळ्यातल्या माळेचे मणी चाचपू लागल्या. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला, त्याला काही कळेना. झगा पहिल्या धुण्यात आटला की त्याचा खिसाही आटतो, हे मला कुणी शिकवायला नको. ज्या अंगठ्यानं खळगा पाडला, त्याला तो आता तंगच व्हायला हवा. बाईंचा अंगठा आज नीट बसतोय, म्हणजे ओल्या मातीत तो खळगा त्यांना ढगळ झाला असता.

"वयानं बोटं बारीक होतात," बाई म्हणाल्या.

"कातडी सुटते, हाड कुठं जातं? आणि माती आटते हे ठाऊक असून अंगठा लावायचं तुम्हीच काढलंत. आमचं घर अडाणी दिसलं वाटतं."

बाई मूर्तीकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "आम्ही इतक्या जवळ बसायचो. कुठले हात कुणाचे, तेच कळायचं नाही."

"मला कळायचं," वन्सं म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे वळले. "तुम्हालाही ठाऊक होतं की माती आटते. मग मूग गिळून का बसलात?"

"मी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, सारवासारव करतेय. माझ्या तोंडून आलेलं तुम्हाला कधी खरं वाटलंय, वहिनी?"

एवढं ऐकूनही माझं मन थांबेना. बाई खोट्या ठरल्या म्हणून वन्सं आपोआप खऱ्या होत नाहीत. मी माझाही अंगठा लावून पाहिला. तोही अडला. म्हणजे मूर्ती मी केली काय?

"मग नाव कुणाचं लिहू, ताई?" दुकानदारानं विचारलं.

"वहिनींना पटलं असेल तर माझं," वन्सं म्हणाल्या. "नसेल तर कुणाचंच नको."

ताजी माती आणावी, वन्संचा अंगठा दाबून घ्यावा, भट्टीत भाजून आणावा आणि मग माप जुळवून बघावं, असं माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. लसूण संपला होता, तरी त्या सालं सोलत होत्या. बाईंसमोर हसणारी ही बाई माझ्या शब्दाला घाबरली होती.

"वन्संचं लिहा," मी दुकानदाराला म्हटलं. "आणि लिहिलंत की माझ्यासमोर वाचून दाखवा. दोनदा."