सहा मुके आणि मी बोलका

मी रीळ बोलतोय. व्याकरणाने मी नपुंसकलिंगी, म्हणजे 'बोलतंय' म्हणायला हवं, हे मला कळतं. पण माझ्या पोटात एका पुरुषाचा आवाज आहे, तेव्हा एवढी सवलत मी घेणारच. एका जुन्या सिनेमाच्या सात रिळांपैकी मी शेवटचा. माझी सहाही भावंडं मुकी; बोलतो तो मी एकटा.

आमचा नायक वेंडल प्राइसर, अमेरिकेतला. तंबूतल्या खेळात पिठाच्या पिंपात डोकं खुपसून हसवणारा हा माणूस मूकपटात आला आणि बघता बघता सगळ्यांचा लाडका झाला. त्याने नुसती भुवई उडवली की लोक थिएटर डोक्यावर घेत. मग बोलपट आले. 'ह्याला आवाज नाही, डासासारखा गुणगुणतो,' अशी कुजबुज स्टुडिओत सुरू झाली. तेव्हा आमचा सिनेमा मुकाच तयार होत आला होता. शेवटचा भाग तेवढा घाईघाईने बोलका केला. सहा भाग तोंड न उघडणारा लाजाळू दूधवाला सातव्या भागात कोर्टात उभा राहतो आणि खोटा आळ आलेल्या शेजारणीसाठी बोलतो. तो भाग फार थोड्यांनी पाहिला. कुजबुज मात्र सगळ्यांनी ऐकली. पुढे प्राइसरच्या वाट्याला हमाल, वेटर, दार उघडणारा नोकर अशी कामं आली. तीही त्याने झोकात केली, हे मी अभिमानाने सांगतो.

आम्ही त्या सिनेमाची छोटी प्रत. फिरत फिरत मिरजेच्या एका शाळेत पोचलो. शाळेने मोडीत काढलं, तेव्हा विश्वासरावांनी आम्हाला पुण्याला घरी आणलं. हे बँकेतले गृहस्थ. तरुणपणी नाटकाची भारी हौस; पण तालमीत दिग्दर्शक सगळ्यांदेखत म्हणाला, "तुम्हाला आवाज नाही हो." तेव्हापासून ते चारचौघांत बोलायला कधी उभे राहिले नाहीत. मुलीच्या लग्नात आभार मानायलासुद्धा मेहुण्याला पुढे केलं. मला पहिल्यांदा भिंतीवर चालवलं, त्या दिवशी मात्र प्राइसर बोलू लागताच ते खुर्चीतून उठून उभे राहिले. पुढे प्रोजेक्टरचा आवाजाचा दिवा गेला. तसला दुसरा कुठे मिळेना. मग मीही मुकाच झालो.

दोन हजार सहा साली ते आणि साधनाताई मुलीकडे, निशिगंधाकडे, सिंगापूरला राहायला आले. ईस्ट कोस्ट भागातल्या काँडोत, म्हणजे तिथल्या फ्लॅटच्या सोसायटीत घर, संध्याकाळी समुद्राकाठी फेरी. तिथल्या बाकावर त्यांची मिस्टर लिमशी गट्टी जमली. हेही जुन्या सिनेमाचे वेडे, आणि त्यांच्या घरी चालता प्रोजेक्टर!

"प्राइसर? फेस व्हेरी गुड," लिम आपल्या सिंगापुरी इंग्रजीत, शेवटी 'लाह' जोडत म्हणाले. "बट व्हॉइस कॅनॉट लाह. एव्हरीबडी नोज."

विश्वासरावांचा पारा चढला. "हॅव यू हर्ड इट? कम सॅटर्डे. आय विल शो यू!"

काँडोच्या हॉलमध्ये खेळ ठरला. तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या घरांना आणि लिमच्या मित्रांना बोलावणी गेली. शुक्रवारी डबे काढले, तर सहाच!

"साधना, रीळ कुठंय?"

"शिवणाच्या खोक्यात."

"तुझं दोऱ्याचं नव्हे गं, माझं रीळ!"

"तुमच्या पिक्चरला मी कशाला हात लावू?"

घर पालथं घातलं. निशिगंधाने पुण्याला फोन करून शेजाऱ्यांना माळ्यावर चढवलं. "बाबा, सहाच दाखवू या," ती म्हणाली. विश्वासराव खिन्न होऊन बसले. मुका प्राइसर दाखवायचा, म्हणजे डासाची गोष्ट खरी ठरणार!

आणि मी? मी खरंच शिवणाच्या खोक्यात होतो. पुण्याहून निघताना सामान बांधायच्या गडबडीत विश्वासरावांनी मला टॉवेलात गुंडाळून वेगळ्या पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवलं आणि वर ठसठशीत लिहिलं, 'रीळ. जपून.' साधनाताईंनी ते वाचलं. नवऱ्याला आपल्या शिवणाची किंमत कळली म्हणून त्या हरखल्या, आणि डबा न उघडता बटणांखाली जपून ठेवला.

शनिवारी साडीचा फॉल उसवला. वरचं तपकिरी रीळ संपलं होतं, म्हणून त्यांनी तो डबा उघडला.

"अगंबाई! अहो, इकडे या! कालपासून सांगतेय ना, शिवणाच्या खोक्यात आहे म्हणून!"

विश्वासरावांनी मला छातीशी धरलं. माझ्या अंगाला म्हातारपणाचा, जुन्या फिल्मला सुटतो तो व्हिनेगरसारखा वास येत होता. इतक्या वर्षांत मला कुणी ऐकलं नव्हतं. आवाज खरंच चांगला होता, की तो नुसता आठवणीत चांगला झाला होता? आम्हा दोघांनाही धाकधूक होती.

सहा भावंडांनी हॉल हसवून सोडला. मग मी चढलो. थोडी खरखर झाली. प्राइसरने टोपी काढली आणि तोंड उघडलं. काय आवाज! भरदार, किंचित घोगरा, घाई नसलेला. हसणारी माणसं चिडीचूप झाली, आणि तो खाली बसला तेव्हा टाळ्यांनी हॉल दणाणला.

"वाह!" लिम ओरडले. "अंकल, आय वॉज राँग लाह! यू टॉक! टेल देम!" त्यांनी माइक पुढे केला.

वडिलांऐवजी बोलायला निशिगंधा लगबगीने उठली. विश्वासरावांनी तिला हाताने बसवलं. माइकही घेतला नाही.

"माझा आवाज बारीक आहे," ते म्हणाले. "तरी ऐका."

आणि त्यांनी मराठी-इंग्रजी मिसळून पिठाच्या पिंपापासून दार उघडणाऱ्या नोकरापर्यंत प्राइसरची सगळी कारकीर्द सांगितली. मागच्या रांगेला शब्दन् शब्द ऐकू गेला. बटाटेवडे गार झाले, पण कुणी उठलं नाही. साधनाताई डोळे पुसत हसत होत्या.

आता मी एका चित्रपट संग्रहालयाच्या थंड खोलीत आहे. माझी नवी प्रत निघाली आहे. ज्यांना नीट न ऐकताच 'आवाज नाही' म्हणून बसवलं गेलं, त्यांच्यासाठी तुमच्याकडे एक मागणं आहे. ती प्रत कधी लावलीत, तर आवाज मोठा ठेवा.