ऐकायच्या पुस्तकांचं कपाट

“त्या कपाटातलं पुस्तक बाहेर द्यायचं नाही, धाकटे. कोणी कितीही गोड बोललं तरी नाही. इथेच बसून वाचायचं, तेही मोठ्याने.”

ताई जाऊन वर्ष उलटलं, तरी वाचनालयाचं कुलूप उघडताना हा आवाज कानात यायचाच. ताईची ग्रंथपालाची खुर्ची आता धाकटीकडे आली होती; मात्र तिला ‘धाकटी’ म्हणणारे एक घड्याळजी काकाच काय ते उरले होते.

खिडकीजवळचं ते कपाट म्हणजे ताईचा जीव. ज्यांची नजर गेली, ज्यांना अक्षर कधी लागलंच नाही, त्यांनी यावं आणि ऐकावं. हसवणारी पुस्तकं वर, वाचणाऱ्याचा दम काढणारी खाली. काका रोज दुपारी यायचे. घड्याळांच्या बारीक चाकांनी त्यांची दृष्टी खाल्ली होती. त्यांचा जीव एका समुद्रप्रवासाच्या कादंबरीवर. पण वाचनालयात तिचा पहिलाच भाग. जहाज वादळात सापडतं आणि पुस्तक संपतं!

“दुसरा भाग मिळू द्या, काका. घरी येऊन वाचून दाखवीन,” ताईने शब्द दिला होता. तिने कुठे कुठे पत्रं धाडली. भाग मिळाला नाही, ताईच गेली. पुढे काकांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांचं येणंही थांबलं.

अशात वाचनालयाच्या मुख्य कार्यालयाने पुस्तकांच्या नोंदींसाठी जगभर चालणारी एकच संगणकप्रणाली आणली. ती बसवायला आलेली बाई जिभेची तिखट, मनाची सरळ.

“तुमचं हे खिडकीजवळचं कपाट रद्दीत निघालंय,” ती पडद्याकडे बघत म्हणाली. “वर्षानुवर्षं एकही पुस्तक कोणी नेलेलं नाही.”

“नेणार कसं? आम्ही देतच नाही.”

“म्हणजे स्वतःच दार लावायचं आणि पाहुणे येत नाहीत म्हणायचं! वाचल्याची नोंद तरी?”

“वाचत नाहीत हो, ऐकतात. त्याची कसली नोंद?”

“‘ऐकायची पुस्तकं’ हा प्रकारच आमच्यात बसत नाही हो. बारा गावांच्या बारा तऱ्हा झाल्या, तर शोधणाऱ्याने डोकं कुठे फोडायचं?”

धाकटीला भांडता येत नसे. तिने कपाटातली ती कादंबरी काढली आणि पोटाशी धरली. या पानांतूनच तर ताई अजून बोलत होती.

“हे तरी राहू द्या. याचा दुसरा भाग यायचाय.”

“कधीपासून?”

“ताई होती तेव्हापासून.”

बाईने पुस्तक मागून घेतलं. नाव, लेखक, साल, छापखाना, सगळं ठरल्या क्रमाने भरलं. मग एकदम हसली.

“हा बघा तुमचा दुसरा भाग! समुद्रापलीकडच्या एका वाचनालयात आहे. तिथल्या लोकांनी नौकाबांधणीच्या पुस्तकांत ठेवला होता. नव्या पद्धतीने नोंद झाली, म्हणून सापडला.” आणि डोळे मिचकावत म्हणाली, “आपल्याच तऱ्हेने पुस्तकं लावणारी त्यांचीही एखादी ताई असणार!”

धाकटीला हसूही आलं आणि डोळेही भरले. हे ऐकायला ताई हवी होती. किती साधी गोष्ट होती, आणि किती उशिरा.

“पुस्तकांचा क्रमांक तुमचा असू द्या,” ती हळूच म्हणाली. “जागा आमची राहू द्या.”

बाईने थोडा विचार केला. “जागेच्या रकान्यात प्रत्येक शाखेला आपलं नाव देता येतं. लिहिते, ‘ऐकायचं कपाट’. पण ऐकवलं की नोंद करायची हं. नाहीतर यंत्र पुन्हा म्हणेल, मेलं हे.”

“करीन. देवाशपथ करीन.”

मागवलेलं पुस्तक आलं तेव्हा त्याला लांबच्या प्रवासाचा दमट वास होता. धाकटीने पहिलं पान उघडलं. पुढे वाचायचा मोह आवरून मिटलं. हे आधी काकांच्या कानी पडायला हवं. बाहेर नेलं तर ताई रागावेल का? छे, हे कुठे तिच्या कपाटातलं होतं!

तिने ऐकवायला नेत असल्याची संगणकात नोंद केली. पुस्तक स्वच्छ फडक्यात गुंडाळलं, देवाचं नाव घेतलं, कुलूप लावलं. आणि मनातल्या मनात ताईसारखा आवाज लावून बघत घड्याळजी काकांच्या गल्लीकडे निघाली.