खिडकीबाहेरचा हात

पहिल्याच शर्यतीत श्रीनाथ साळुंखेचा पुढचा दात पडला. दुसऱ्या शर्यतीनंतर झालेल्या मारामारीत त्याने दुसऱ्याचे दोन पाडले.

हे २००७ साल. ऑस्ट्रेलियातल्या युनिव्हर्सिट्या तेव्हा भारतातून आलेल्या मुलांनी भरून गेल्या होत्या. हॅरिस पार्कसारख्या भारतीयांच्या वस्तीत एकेका फ्लॅटमध्ये सहा-सहा जण राहत होते. श्रीनाथ मात्र शेतीची यंत्रं शिकायला शेतीभागातल्या टूवूंबाला आला. तिथे बस नावालाच होती, म्हणून आल्या आठवड्यात तो मोडक्या गाड्यांच्या यार्डात जुनी गाडी बघायला गेला, आणि तिथेच कामाला राहिला. यार्डाचा मालक डग. साठीचा, पोट सुटलेला, कमी बोलणारा. श्रीनाथने गाड्यांच्या दोन रांगांमधून एक व्हॅन उलटी, न थांबता बाहेर काढली, ते डगने बघितलं.

"कुठे शिकलास हे?"

"काकांच्या ट्रकवर. खंबाटकी घाटात."

डगला घाट कळला नाही, पण पुढच्या शनिवारी त्याने श्रीनाथला स्टॉक कारच्या शर्यतींच्या ट्रॅकवर नेलं.

स्टॉक कार म्हणजे कारखान्यातून निघालेली साधी घरगुती गाडी. तिच्या काचा काढायच्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा जोडायचा, एकच खुर्ची ठेवायची आणि खिडकीला जाळी लावायची. ट्रॅक मातीचा, लंबगोल. घड्याळाच्या काट्यांसारखं फिरायचं, म्हणजे सगळी वळणं उजवीकडे. बाहेरच्या अंगाला काँक्रीटची भिंत, आतल्या अंगाला गवताचं मैदान. मुद्दाम धक्का मारायला बंदी होती. पण धूळ इतकी उडायची की मुद्दाम काय आणि चुकून काय, ते मारणाऱ्यालाच ठाऊक.

डगने त्याच्या गाडीला पिवळा रंग दिला, कारण पहिल्या दिवसापासून लोक त्याला "टॅक्सी!" म्हणून हाका मारत होते. "ए टॅक्सी, एअरपोर्टला येतोस का?" श्रीनाथ हसायचा आणि मग ट्रॅकवर त्यांच्या दारांना पोचे पाडायचा. दीड वर्षात अठरा शर्यती झाल्या, त्यांतल्या सात त्याने जिंकल्या. करंगळी मोडली, खांदा निखळला, एकदा गाडी पेटली तेव्हा भुवई जळाली. वर्गात त्याचं नाव कुणाला नीट घेता येत नव्हतं. इथे दोन हजार माणसं उठून उभी राहायची. पुढच्या मोसमात राज्याच्या अंतिम शर्यतीसाठी डग नवी गाडी बांधणार होता. श्रीनाथला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

मध्ये उभा होता वेन प्रॉसर. अडतीस वर्षांचा, कत्तलखान्यात कामाला, तीन मोसमांचा विजेता. मार्च महिन्यात त्याने भर वेगात श्रीनाथला मागून ढकलून भिंतीवर घातलं. पिवळी गाडी दोनदा उलटली. श्रीनाथच्या दोन बरगड्या मोडल्या. तरीही तो पिंजऱ्यातून बाहेर आला, चाकाचा पाना उचलून वेनवर धावला आणि त्याच्या गाडीचं टपावरचं पत्र्याचं नाव ठोकून काढलं. तिघांनी त्याला धरलं.

"सोडा त्याला," वेन म्हणाला. "टॅक्सीवाल्याला भाडं हवं असेल."

श्रीनाथच्या तोंडातून लाळ आणि रक्त गळत होतं. तो चाळीस माणसांसमोर ओरडला, "पुढच्या वेळी तू चालत घरी जाणार नाहीस!"

पुढची वेळ मे महिन्यात आली. शनिवारची दुपार, पंधरा फेऱ्यांची शर्यत. बाराव्या फेरीला वेन पहिला होता, श्रीनाथ त्याच्या मागे. अचानक वेनची गाडी मंदावली. जाळीच्या वरच्या फटीतून त्याचा उजवा हात बाहेर आला आणि मागून पुढे असा दोनदा हलला. श्रीनाथने गाडी उजवीकडे घातली. त्याच क्षणी वेनही उजवीकडे वळला.

पिवळ्या गाडीचं नाक वेनच्या दारात घुसलं. दाराचा पत्रा आत फाटला, पिंजऱ्याचा एक पाइप काडीसारखा वाकला. दोन्ही गाड्या एकमेकींत अडकून गवतावर घसरत गेल्या आणि मातीच्या बांधावर आदळल्या. धूळ बसली तेव्हा वेनचं किंचाळणं सगळ्या ट्रॅकवर ऐकू येत होतं. त्याला बाहेर काढायला पत्रा कापावा लागला. मांडीचं हाड दोन ठिकाणी तुटून कातडीबाहेर आलं होतं. वेनच्या भावाने श्रीनाथला गाडीतून ओढून काढलं, हेल्मेटसकट जमिनीवर आपटलं आणि लोकांनी आवरेपर्यंत लाथा घातल्या.

श्रीनाथचा शर्यतीचा परवाना स्थगित झाला. ऑगस्टमध्ये चौकशी होती. मुद्दाम मारलं असं ठरलं तर परवाना जन्मभरासाठी जाणार होता, आणि धमकी चाळीस जणांनी ऐकली होती.

श्रीनाथ डॉक्टर मीनाक्षी बर्व्यांच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहत होता. त्या पुण्याच्या, इथल्या इस्पितळात तातडीच्या विभागात. चौकशीच्या आदल्या रविवारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर दोन कप मांडले.

"हा तू, हा वेन. आता सांग. तो मंदावला, मग?"

"मग हात दाखवला."

"कसा? करून दाखव."

श्रीनाथने खुर्चीच्या बाहेर उजवा हात काढून मागून पुढे हलवला. मीनाक्षीताई बघत राहिल्या आणि एकदम हसायला लागल्या.

"अरे गाढवा, हे तर आपल्या ट्रकवाल्याचं 'जा पुढे'!"

"मग? म्हणून तर गेलो ना, ताई. उजवीकडून जा, म्हणाला तो."

"तो तसं नाही म्हणाला! तो म्हणत होता, माझी गाडी बिघडली, मी आत गवतावर उतरतोय, लांब राहा."

"नियमात हात सरळ वर करायचा असं आहे. ह्याने आडवा हलवला."

"हेच सांग त्यांना. असंच्या असं. मी इथे नवीन आले तेव्हा समोरच्याने दिवे मारले की थांबायची. आपल्याकडे दिवे मारले म्हणजे 'मी येतोय, सरक'. इथे म्हणजे 'तू जा'. दोघं आपापल्या जागी उभे! सुटलास तू, श्रीनाथ."

श्रीनाथने कप उचलून बेसिनमध्ये ठेवले. "हो," तो म्हणाला. "सुटलो."

चौकशी ट्रॅकच्या कॅन्टीनमध्ये झाली. लांब टेबलामागे तिघं, मध्ये रॉबिन नावाची वयस्कर बाई, पूर्वी स्वतः गाडी चालवणारी. वेन कुबड्या घेऊन आला होता, शेजारी त्याचा भाऊ. श्रीनाथने घाट सांगितला. अरुंद रस्ता, पुढे ट्रक, मागच्याला समोरचं काही दिसत नाही. मग ट्रकवाला खिडकीतून हात काढतो, आणि त्या हाताच्या भरवशावर मागचा गाडीवाला जीव मुठीत धरून पुढे जातो. रॉबिनने त्याला तीनदा हात हलवायला लावला. मग ती वेनकडे वळली.

"तू असाच हलवलास?"

"असाच," वेन कुरकुरला. "गिअर अडकला होता. वर करायला वेळ कुठे होता?"

"म्हणजे तू म्हणालास 'लांब राहा', आणि ह्याने ऐकलं 'पुढे जा'." रॉबिनने पेन खाली ठेवलं. "तीस वर्षांत हे पहिल्यांदा बघतेय."

डगने श्रीनाथच्या पाठीवर थाप मारली. तिघं आपसात कुजबुजले. वेनने एक कुबडी टेबलाला टेकवली आणि हात पुढे केला.

"चल, दोस्ता. हाड माझं मोडलं, पण चूक दोघांची. पुढच्या मोसमात भेटू."

श्रीनाथ त्या हाताकडे बघत राहिला. ताशी शंभर किलोमीटर वेगाने गाडी अर्ध्या सेकंदात चौदा मीटर जाते. गेले तीन महिने तो हाच हिशोब करत होता.

"हात बघितला तेव्हा मी चुकलो," तो म्हणाला. "ते खरं आहे. पण नंतर तुझं पुढचं चाक वळताना दिसलं मला. मध्ये तीन गाड्यांचं अंतर होतं. तू आत येतोयस, हे कळलं होतं."

"श्रीनाथ," डग हळूच म्हणाला. "गप्प बस."

"गाडी थांबली नसती. पण ब्रेक दाबला असता तर तुला इतकं लागलं नसतं. पाय ब्रेकवर होता. मला बरगड्या आठवल्या. मी दाबला नाही."

वेनचा पुढे केलेला हात अजून तसाच होता. त्याने तो मागे घेतला, कुबडी उचलली आणि सगळं अंग झोकून श्रीनाथच्या तोंडावर हाणली. श्रीनाथ खुर्चीसकट कोसळला. वेनचा तोल गेला आणि तोही त्याच्यावर पडला, आणि पडल्या पडल्या मुठीने मारत राहिला. मोडकी मांडी दुखून तो स्वतःच ओरडत होता, पण थांबत नव्हता. श्रीनाथने एकदाही हात उचलला नाही. शेवटी वेनच्या भावानेच त्याला ओढून बाजूला केलं.

"जन्मभरासाठी," रॉबिन म्हणाली. तिने कागदावर लिहिलं आणि डगकडे रुमाल फेकला. "रक्त पूस त्याचं."

डगने गाडी सरळ इस्पितळाकडे घेतली. अर्ध्या रस्त्यात तो म्हणाला, "नव्या गाडीचा पिंजरा जोडून झाला होता."

"माहीत आहे."

"आता त्यात कोणाला बसवू?"

श्रीनाथने खांदे उडवले.

"उद्या सातला ये," डग म्हणाला. "इंजिनं उतरवायची आहेत."

तातडीच्या विभागात मीनाक्षीताईंनी पडदा ओढला आणि दिवा त्याच्या तोंडावर वळवला.

"हे काय! हाताचं सांगितलं नाहीस का त्यांना?"

"सांगितलं."

"नाही पटलं?"

"पटलं."

"मग?"

"मग उरलेलं पण सांगितलं, ताई."

उरलेलं काय, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी सुईत दोरा ओवला आणि डाव्या हाताने त्याची हनुवटी घट्ट धरली.

"सहा टाके पडतील. दुखेल. हलू नकोस."

तो हलला नाही.