गच्चीवरचा घास

सुरतेहून येताना मी पुरवणी परीक्षेचे तपासलेले पेपर आणि अर्धा किलो घारी, तिथली तुपातली मिठाई, आणली होती. प्लेग आणला नव्हता. पण १९९४च्या त्या सप्टेंबरात सुरतेहून आलेल्या माणसाने हे कितीही घसा ताणून सांगितलं, तरी समोरचा दोन पावलं मागे सरकूनच ऐकायचा. वापीला रिक्षावाल्याने नाकाला रुमाल बांधला. सिल्वासाजवळ सामरवरणीला माझ्या घरमालकीण केसरबाई फाटकाला आतून कुलूप घालून उभ्या होत्या. माझी उशी आणि दोन साड्या त्यांनी कुंपणावरून बाहेर टाकल्या. घारी मी त्यांच्यासाठीच आणली होती, ती त्यांनी घेतली नाही.

मग मी कॉलेजवर गेले. दुसरीकडे जाणार कुठे? रत्नागिरीला भाऊ होता, पण त्याच्या घरात लहान मुलं, आणि वहिनीचा स्वभाव मला ठाऊक होता.

आमचे प्राचार्य भास्कर सामंत पोर्चमध्ये उभे राहिले आणि मला त्यांनी फाटकापाशीच थांबवलं. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. तिथूनच ओरडून म्हणाले, "विजयाबाई, तुम्ही स्वतः वनस्पतिशास्त्र शिकवता. तुम्हाला मी वेगळं काय सांगायचं?"

वनस्पतिशास्त्राचा आणि प्लेगचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दिल्या, आठवडाभर ताप बघा म्हणाले, आणि माझी रवानगी सगळ्यात वरच्या मजल्यावर झाली. गच्चीला लागून आमच्या विभागाची एक खोली होती, वाळवलेली पानंफुलं चिकटवलेल्या पुठ्ठ्यांची. त्यांच्यात मी आणखी एक.

गच्चीवरून खालचं कॉलेज दिसायचं. सामंतसरांनी एका बाकावर एकच मुलगा बसवायचा हुकूम काढला होता. उरलेली मुलं व्हरांड्यात, एकमेकांपासून हातभर लांब, नाकावर कापूर ठेवलेले रुमाल बांधून. लायब्ररीतली परत आलेली पुस्तकं अंगणात उन्हात पसरलेली असायची. प्रत्येक प्राध्यापकाला आपापला खडू, तो दुसऱ्याला द्यायचा नाही. माझे तास चेतन नावाचा नवखा मुलगा घेत होता आणि मुळांऐवजी खोडच शिकवत होता. वरून ओरडून सांगावंसं वाटायचं. पण मी कठड्याशी आले की खालची मुलं पांगायची, म्हणून मी आतच बसायचे.

या सगळ्याचं मला हसू यायचं, अगदी खरं सांगते. हसू येत नव्हतं ते एकाच गोष्टीचं. आक्काबाईच्या बांबूचं.

आक्काबाई कॉलेजची झाडलोट करायची, पाणी भरायची. साक्रीकडची. नवरा, नथू, इथे धाग्याच्या कारखान्यात होता, तो दोन वर्षांपूर्वी काविळीने गेला. तेव्हापासून आवाराच्या मागच्या खोलीत ती आणि तिची मुलगी ममता, दोघीच. रोज दुपारी ती माझ्या प्रयोगशाळेत स्टोव्हवर चहा करायची आणि आम्ही दोघी एकाच बाकावर बसून तो प्यायचो. सिल्वासात माझं माणूस म्हणावं असं एवढंच होतं. आणि आता तीच आक्काबाई माझं ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायची, चार पायऱ्या खाली उतरायची आणि जळमटं काढायच्या लांब बांबूने ते माझ्या दाराकडे ढकलायची. ताटातलं वरण हिंदकळून भातात जायचं. ती मान वर करायची नाही. परत गेलेलं ताट ती लाल औषधाच्या बादलीत बुडवते, ते मला वरून दिसायचं. केसरबाईंनी फाटक लावलं तेव्हा राग आला होता. हे बघून रडू यायचं.

रविवारी कॉलेज बंद होतं. सकाळी उन्हं चढली तशी जिन्यावर पावलं वाजली आणि आक्काबाई चक्क गच्चीवर आली. एका हातात पळसाच्या पानांची पत्रावळ, दुसऱ्या हातात तो बांबू. माझ्या दाराकडे न बघता ती पार पलीकडच्या कठड्याशी गेली, पत्रावळ कठड्यावर ठेवली आणि हात जोडून आभाळाकडे बघू लागली.

खीर, उडदाचे वडे, गवारीची भाजी. पितृपक्ष चालू होता, हे मी विसरूनच गेले होते. नथूचं पितर होतं.

"काव, काव," आक्काबाई हाका मारत होती. आभाळ स्वच्छ होतं. एकही कावळा नव्हता.

"खाली नाही आले का?" मी दारातूनच विचारलं. आठवड्यात पहिल्यांदा तिच्याशी बोलले.

"सकाळपासून उभी आहे बाई. कावळा येऊनच नाही राहिला. सामंतसाहेबांनी औषध घालून उंदरं मारली ना, ती सारी अथालच्या रस्त्याला खड्ड्यात टाकली. साऱ्या गावचे कावळे तिकडं. त्यांना माझी खीर कशाला गोड लागते?"

मी हसले. ती हसली नाही. कावळा घासाला शिवेपर्यंत घरात कोणी तोंडात काही घालायचं नाही. ममता खाली उपाशी बसली होती.

कावळा अडला की गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलंय असं समजतात, आणि त्याला शब्द द्यायचा असतो. आक्काबाईने शब्द द्यायला सुरुवात केली. ममताला बारावी करीन म्हणाली. गावच्या घराचा वाटा दिराला सोडणार नाही म्हणाली. तंबाखू बंद करीन म्हणाली, आणि मग जरा थांबून, कमी करीन म्हणाली. कावळा नाही. ऊन तापलं, खिरीवर साय धरली. शेवटी ती कठड्याला टेकून खालीच बसली आणि पदर डोळ्यांना लावला.

"जिवंतपणी मी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते बाई. मग असं का करून राहिले?"

"दर्भाचा कावळा करून शिववतात," मी म्हणाले. आमच्याकडे तसं करतात.

"इथं दर्भ कुठून आणू? अन् जिवाचं शिवलं पाहिजे." तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "बाई, तुम्ही शिवा."

मला वाटलं, थट्टा करतेय. "मी? अहो, माझ्या ताटाला तुम्ही बांबू लावता. मी शिवलेलं ममताला घालणार?"

"ताप आलाय का तुम्हाला?"

"नाही."

"मग झालं तर. साहेब बोलले तसं मी केलं. नाही केलं तर नोकरी जाती, खोली जाती. माझी पोर कुठं नेऊ?" तिने बांबूकडे बोट केलं. "रोज खाली जाऊन रडते मी. तुम्हाला काय वाटतं, बांबूला काही वाटत नाही?"

डॉक्टरांनी सांगितलेला आठवडा आदल्या दिवशीच संपला होता, पण सोमवारशिवाय सामंतसर कागदावर सही करणार नव्हते. मी आत जाऊन लाल औषधाने हात कोपरापर्यंत धुतले, नाकाला पदर बांधला आणि गच्ची ओलांडून गेले. इतक्या दिवसांत मी जवळ येताना कोणी मागे सरलं नाही, असं तेव्हाच झालं. मी हात पुढे केला.

"थांबा," आक्काबाई म्हणाली. "असं नाही. तुमच्या मनात काय अडलंय ते आधी बोलायचं. त्याशिवाय कशा शिवाल?"

खूप काही होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच.

"उद्यापासून माझं ताट बांबूने ढकलू नका."

"नाही ढकलणार," ती म्हणाली. "हातात देईन. साहेब खाली उभे असले तरी देईन."

मी वड्याला बोट लावलं.

आक्काबाईने पत्रावळीला नमस्कार केला. खाली वाकून ममताला हाक दिली, "जेव गं, शिवलं!" आणि मग कठड्यावरची पत्रावळ उचलून आमच्या दोघींच्या मधे, फरशीवर ठेवली.

"बसा," म्हणाली. मी जरा लांबच बसले. तिने पत्रावळ आणखी पुढे सरकवली, हाताने. मी पदर सोडला, तोंड वळवून एक वडा खाल्ला. गार झाला होता. इतकं चांगलं मी त्या महिन्यात काही खाल्लं नव्हतं.

आणि तेव्हा तो आला. काळाभोर, धष्टपुष्ट, बहुतेक अथालच्या रस्त्यावर पोट भरून. कठड्यावर बसून त्याने मान तिरकी केली आणि पत्रावळीकडे एक उडी मारली.

आक्काबाईने शेजारी पडलेला बांबू उचलला.

"आता का? तुमचं झालं," ती त्याला म्हणाली. "हे बाईंचं आहे. हो तिकडं!"